भोपळा फोडणाऱ्याचा संप

आमच्या आळीत भोपळा फोडायचं काम माझ्याकडं होतं. हसू नका. भोरमध्ये उत्रोलीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची आळी. तिथं सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत एकच पुरुष सापडतो, आणि तो मी, जलाल. बाकीचे सगळे शिरवळच्या नाहीतर पुण्याच्या कंपन्यांत कामाला. मागं उरतात बायका, कोंबड्या आणि मी. आणि अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पहिला घाव पुरुषाचा. एकदा दोन भकलं झाली की बाई हव्या तेवढ्या फोडी करायला मोकळी.

का, ते मात्र कुणी धड सांगत नाही. समोरच्या साळूबाई म्हणतात, भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर आईनं हत्यार कसं चालवायचं? हे ऐकलं की शेजारच्या भामाबाई नाक उडवतात. त्या अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, बोलणं एकदम ठणठणीत. "आमी बौद्ध. आमच्यात असलं काय मानत न्हाईत," असं त्या ऐकवतात आणि भोपळा काखेत मारून माझ्याच दारात उभ्या राहतात. "मानत न्हाई ओ जलालभाऊ, पर हात धजत न्हाई." माझी बायको कुलसुम तर त्यांच्याही वरताण. "आपल्यात कुठं लिवलंय असलं?" ती विचारते. लिहिलेलं नाही हे खरं. पण माझ्या आईनं उभ्या जन्मात अख्खा भोपळा फोडला नाही, तिच्या सासूनं फोडला नाही आणि कुलसुमही फोडत नाही. थोडक्यात, ज्यांच्यात हे मानत नाहीत त्या बायकासुद्धा भोपळा घेऊन माझ्याकडंच येत.

मी कुरकुर करायचो. कुरकुर न करता काम करणाऱ्या मेकॅनिकला गिऱ्हाईक किंमत देत नाही, हे मी कापूरहोळच्या फाट्यावर चौतीस वर्षं गॅरेज चालवून शिकलो होतो. पण काम मात्र चोख. भोपळा पाटावर ठेवायचा, चारी बाजूंनी बोटानं वाजवून बघायचा. देठापासून खाली खाचा गेलेल्या असतात, त्यातली सगळ्यात खोल खाच शोधायची, तिच्यात कोयत्याची धार टेकवायची आणि वरून रबरी हातोडीनं दोन ठोके. तिसरा लागला तर कारागीर कच्चा. फोडण्याआधी मी निदानही सांगायचो. "आतनं पिवळाधम्मक हाय, पर गोडी न्हाई. भाजी करा, घारगं करू नका." दहापैकी सहा वेळा खरं निघायचं. इंजिनाच्या बाबतीतही माझं प्रमाण साधारण एवढंच होतं.

आता एवढे भोपळे आले कुठून, तर आमच्याच घरामागच्या परड्यातून.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं, सरफराजनं, पुण्याहून फोनवर हुकूम सोडला, "अब्बा, आता बास." गॅरेज दुसऱ्याच्या हवाली केलं. हत्यारांची पेटी आणि माझी राजदूत घरी आणली. राजदूत म्हणजे मोटारसायकल, लग्नाच्या साली घेतलेली. तिच्यावर बसवूनच मी कुलसुमला आंबवड्याहून भोरला आणलं होतं. बेत असा होता, की परड्यात पत्र्याची शेड मारायची, गाडी पूर्ण खोलायची आणि आरामात एकेक पार्ट साफ करत बसायचं. गाडी मागच्या भिंतीला टेकवली, वर ताडपत्री टाकली आणि म्हटलं, यंदाचा पाऊस उघडला की शेड.

कुलसुमचे बेत वेगळे होते. ती बेत सांगत नाही, थेट करते. माहेरी आंबवड्याला गेली, भावजयीकडून फडक्यात बांधून बिया आणल्या आणि जिथं जागा दिसली तिथं खुपसल्या. दुधी, घोसाळी, कारली, काकडी. आणि राजदूतच्या मागच्या चाकापाशी, कोंबड्यांच्या खुराड्याचा सगळा केर पडतो तिथं, भोपळा.

सुरुवातीला मी खूश होतो, कारण काहीच उगवलं नाही. निम्म्या बिया कोंबड्यांनी उकरून खाल्ल्या. कुलसुमनं परत लावल्या आणि वर बोरीच्या फांद्या टाकल्या. उगवलं त्यातलं निम्मं आषाढात पाणी साचून कुजलं. श्रावणात वेल वाढले, फुलं पिवळीजर्द, पण फळ एक नाही. तेव्हा ही बाई सकाळी सहाला उठून नर फूल तोडायची, पाकळ्या काढायची आणि मादी फुलात टेकवायची. "काय चाललंय?" मी विचारलं. "लगीन लावतीय," ती म्हणाली. मग पानांवर पांढरी भुरी पडली. त्यावर आंबट ताक शिंपडायचं असतं म्हणे. पंधरा दिवस घरात कढी झाली नाही, सगळं ताक वेलांनी प्यायलं. मी मनातून भुरीच्या बाजूनं होतो.

गणपती गेले, ऊन पडलं, आणि परडं चेकाळलं. दुसरा शब्द नाही. कारल्याचा वेल विजेच्या तारेपर्यंत गेला. घोसाळी रोज तोडली तरी दुसऱ्या दिवशी हातभर लांब. अळू माझ्या कमरेएवढा. भोपळ्यानं ताडपत्री गिळली, राजदूत गिळली, भिंतीवर चढला, तिथून भामाबाईंच्या पत्र्यावर उतरला आणि पलीकडं शुभांगीच्या न्हाणीघरावर जाऊन बसला. शुभांगी म्हणजे आळीतली सगळ्यात तरुण सून, घरीच शिलाईकाम करते. ज्याच्या हद्दीत फळ, त्याचा भोपळा, असं कुलसुमनं जाहीर करून टाकलं. त्यामुळं आळीत घरटी भोपळा झाला आणि माझ्या नावाचा पुकारा दिवसातून तीन-चारदा होऊ लागला. "जलालभाऊ, येता का?" "चाचा, कोयता घेऊन या." मी कपाळाला आठ्या घालून जायचो.

नवरात्र आठ दिवसांवर आलं तेव्हा मी ठरवलं, आता शेड. राजदूत बाहेर काढायला परड्यात गेलो, तर राजदूत दिसेना. पानं बाजूला करत, काट्यांनी हात ओरबाडून घेत शेवटी हँडल हाताला लागलं. ताडपत्री कधीच घसरली होती. पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून एक भोपळा असा वाढला होता, की आता एक तर चाक कापा नाहीतर भोपळा. सीटवर, बरोब्बर माझ्या जागेवर, दुसरा भोपळा बसला होता. चांगला बारा किलोचा. आणि त्याच्या मागं, कुलसुमच्या जागेवर, एक छोटा.

मी कोयता आणला आणि वेलाच्या बुंध्याला हात घातला, तेवढ्यात कुलसुमनं मागून मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाई."

"माझी गाडी काढतोय."

"भरल्या वेलाला कोयता लावता? धा भोपळं कवळं हायेत अजून."

आवाज चढले तशा भिंतीवरून भामाबाई डोकावल्या, त्यांच्या शेजारी शुभांगी, आणि साळूबाई तर थेट मागच्या दारानं आत आल्या. पोरं जमलेली बघून मदाऱ्याला जोर चढतो, तसा कुलसुमला चढला.

"गाडी कशाला पायजे तुमाला? ती आता जागची हलनार न्हाई. वेल तरी बगा, रोज वीतभर फुडं जातोय."

भामाबाई एवढ्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. भिंतीच्या पलीकडून नुसतं हसणं ऐकू येत राहिलं.

माझं डोकं फिरलं. ती गाडीबद्दल बोलली की माझ्याबद्दल, हे मला नीट कळलं नाही, म्हणून जास्तच फिरलं. मी कोयता वर करून सगळ्यांना सांगितलं, "ऐका. परडं मोकळं हुईस्तवर मी एक भोपळा फोडनार न्हाई. कुनाचा बी. संप हाय माझा."

संध्याकाळी आळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुभांगीनं टाकलं, "सर्वांना कळविण्यात येते की भोपळे फोडणे पुढील सूचना येईपर्यंत बंद आहे." खाली हात जोडल्याची सात चित्रं. मला वाटलं, गांभीर्यानं घेतलंय.

हिशेब सोपा होता. भोपळा फोडता येणार नाही म्हणजे खाता येणार नाही. खाता येणार नाही म्हणजे साठत जाणार. साठत गेला की बाई कंटाळणार आणि स्वतःच म्हणणार, काढा तो वेल. आमच्या मागच्या पडवीत चार दिवसांत अकरा भोपळे झाले. मी येताजाता ते मोजायचो आणि शीळ घालायचो.  कुलसुमनं फक्त घोसाळी करायला घेतली. सकाळी घोसाळ्याची भाजी, संध्याकाळी घोसाळ्याची भजी, दुसऱ्या दिवशी घोसाळं घालून डाळ. पाचव्या दिवशी मी विचारलं, "दुसरं काय न्हाई का?" ती म्हणाली, "हाय की. दुधी हाय."

बायका आल्या, विनवण्या झाल्या. साळूबाई म्हणाल्या, "आवं, नवरात्राचं उपास हायेत माझं. भोपळ्याची भाजी चालती, दुसरं काय खाऊ?" मला वाईट वाटलं. पण संपात वाईट वाटून चालत नाही. रविवारी शुभांगीचा नवरा अजित घरी होता. त्यानं बाह्या सरसावल्या आणि विळीवर भोपळा फोडायला बसला. भोपळा घरंगळला, विळी सरकली, अजितच्या अंगठ्याला तीन टाके पडले. जाताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "चाचा, हे काम स्किलचं आहे." त्या रात्री मला छान झोप लागली.

आणि सोमवारी सकाळी साळूबाईंच्या हातून भोपळा पडला.

मी आमच्या पुढच्या पडवीत पेपर वाचत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्या ओट्यावरून भोपळा आत नेत होत्या. पायरीवर पदर अडकला, तोल गेला, भोपळा सुटला आणि खालच्या फरशीवर धप्पकन आपटून त्याची तीन भकलं झाली. साळूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि मी उभ्या आयुष्यात कुणा बाईच्या तोंडावर पाहिलं नव्हतं असं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"भामाबाई!" त्या ओरडल्या. "आवो या हिकडं! भोपळा फुटला. म्या न्हाई फोडला. त्यो पडला."

भामाबाई आल्या, शुभांगी आली, कुलसुमही गेली. चौघींनी मिळून त्या भकलांभोवती कोर्ट भरवलं. हत्यार लागलं का? नाही. बाईनं घाव घातला का? नाही. भोपळा आपसूक फुटला का? फुटला. मग दोष कुणाचा? भामाबाईंनी निकाल दिला, "पायरीचा."

दुपारी जेवायच्या आधी भामाबाईंच्या घरातून आवाज आला. धप्प. मग शुभांगीच्या न्हाणीघराच्या बाजूनं. धप्प. शुभांगीची एक फरशी तडकली तेव्हा मला जरा आशा वाटली, पण दुसऱ्या दिवशी तिनं खाली गोणपाट अंथरलं. ग्रुपवर तिचाच निरोप आला, "आज आमच्याकडे दोन पडले." त्याखाली भामाबाई, "आमच्याकडे एक. गोड आहे." कुणीही 'फोडला' लिहिलं नाही. सगळे पडत होते.

मी म्हटलं, पडू देत. चिंधड्या होतात, बिया उडतात, फोडी वेड्यावाकड्या निघतात. चार दिवसांत कंटाळतील आणि येतील. मी कोयत्याला धार लावून ठेवली. हातोडीचं रबर पुसलं. चार दिवस गेले. कुणी आलं नाही.

मग मीच आळीतून चक्कर मारायला लागलो. हात मागं बांधून, सहज निघाल्यासारखा. भामाबाईंच्या दारात भोपळा दिसला म्हणून थांबलो. "चांगला दिसतोय," मी म्हणालो. "वाजवून बगू का?"

"कशाला तरास, जलालभाऊ," त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या. "पडतोय आमचा आमचा."

त्या दिवशी घरी येऊन मी पडवीत बसलो आणि पेपर उघडलासुद्धा नाही. चौतीस वर्षं फाट्यावर सकाळपासून हाका ऐकल्या होत्या. जलालभाई, बघा जरा. जलालभाई, आवाज येतोय. रस्त्यात बंद पडलेला टेम्पो असो नाहीतर वऱ्हाडाची जीप, माझं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नव्हती. गॅरेज सुटलं तेव्हा मला गॅरेजचं दुःख झालं नाही, हाका थांबल्या त्याचं झालं होतं. आणि मग हे भोपळे आले. कपाळाला आठ्या घालून मी जात होतो खरा, पण रोज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून हाकेची वाट बघत बसायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. आणि ते मी माझ्या हातानं बंद केलं होतं. मला रडू आलं नाही, पण राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. आळीभर भोपळे पडत होते, पण आमच्या घरात एकही पडला नव्हता. मागच्या पडवीत आता सोळा झाले होते आणि कुलसुम अजून घोसाळीच करत होती. का, ते मला भिंतीआडून कळलं. मी अळवाच्या मागं उभा राहून राजदूतच्या चाकाकडं बघत होतो. पलीकडं भामाबाई विचारत होत्या, "कुलसुमबाई, तुमी का न्हाई पाडत? एवडा ढीग लागलाय."

"आमच्यात कसा पाडू?" कुलसुम म्हणाली. "तुमच्या घरी त्या वक्ताला कुनी नसतं. आमच्या घरात मानूस हाय की."

मला एकदम बरं वाटलं. मग पुढचा अर्थ कळला. म्हणजे ज्या दिवशी ही बाई भोपळा पाडेल, त्या दिवशी या घरात माणूस नाही असं ठरेल. आणि ते ठरवायची सगळी चावी तिच्या हातात.

त्याच संध्याकाळी ती माझ्यापुढं एक भोपळा घेऊन आली. पाट ठेवला, त्यावर भोपळा ठेवला. "एवडा फोडून देता का?" अगदी साधं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आदी परडं मोकळं कर."

 "बरं," ती म्हणाली आणि भोपळा उचलून आत गेली. मी स्वतःला येतील तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. गॅरेजवाल्याला बऱ्याच येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी पुढच्या पडवीत होतो. मागून कुलसुमचा आवाज आला. एरवी ती चार भिंतींत ऐकू जाईल एवढंच बोलते. आज सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "चला गं! मी बी पाडते!"

मी उठलो. स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी पोचलो तर ती सगळ्यात वरच्या पायरीवर उभी. हातात, डोक्याच्या वर उचललेला, राजदूतच्या सीटवरचा तो बारा किलोचा. भिंतीवर साळूबाई, भामाबाई, शुभांगी. शुभांगी मोजत होती. "एक... दोन..."

पुढचं कसं झालं ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी मला पायऱ्या उतरायला मनाई केलेली आहे. मी तिन्ही पायऱ्या एकदम उतरलो. तिनं हात सोडले आणि भोपळा माझ्या छातीवर आदळला. मी त्याला मिठी मारली आणि दोघंही मागं अळवात जाऊन पडलो.

"आगं थांब!" मी पडता पडता ओरडत होतो. "मी हाय की घरात! जित्ता हाय अजून!"

कोंबड्या फडफडत पळाल्या. मग भिंतीवरून शुभांगी म्हणाली, "आलं, चाचा. सगळं आलं ह्याच्यात." तिच्या हातात मोबाईल होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी दहा वाजता, चुलीवरचं सोडून तीन बायका आमच्या भिंतीला कशाला टेकतील? आणि जी बाई कधी बेत सांगत नाही, ती आज ओरडून का सांगेल? मला संपावरून रीतसर खाली उतरवलं होतं.

कुलसुम दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर बसली. माझ्या खांद्यावरचं अळवाचं पान तिनं काढलं. "हाय न्हवं घरात?" तिनं विचारलं. "मग इतकं दिस कुठं व्हता?"

"हितंच. फुडच्या पडवीत. कुनी हाक मारतंय का ते बगत व्हतो."

मला एवढं बोलायचं नव्हतं.  साळूबाईंनी उगीच पदर नीट केला.

"हाक काल म्या मारली की," कुलसुम हळू आवाजात म्हणाली. "तुमी अट घातली."

 भोपळा मांडीवर घेऊन मी अळवात बसून राहिलो. पाठीला चिखल, गुडघ्यांतून कळा, आणि तरी मला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

"ऱ्हाऊ दे परडं," मी म्हणालो. "गाडीचं बगू दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर वेल वाळतोच की."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? भोपळ्याचा वेल हाय त्यो, फनसाचं झाड न्हाई. दिवाळी झाली की पिवळा पडतो, वाळून जातो. मग काडा तुमची गाडी. कोन नको म्हनतंय?"

 तीन आठवडे. तीन आठवडे घोसाळी. "मग हे आदी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली. "तुमी संप केला."

भिंतीपलीकडं भामाबाई पुन्हा खाली बसल्याचा आवाज आला.

मी राजदूतकडं बघितलं. पानांतून तिचा एक आरसा तेवढा दिसत होता. वेल वाळेल, गाडी निघेल, शेड उभी राहील. मी आत बसून एकेक पार्ट रॉकेलमध्ये धुवीन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि भिंतीवरून कुणीही डोकावणार नाही, कारण जुन्या राजदूतच्या कार्बोरेटरचं आळीत कुणाला काय पडलंय? मला ती शेड एकाएकी फार मोठी आणि फार गप्प दिसायला लागली.

"फुडल्या साली परत लावशील न्हवं?" मी विचारलं.

"लावीन की. पर जागा कुठाय? तितं तुमची शेड येनार."

कुलसुमनं आतून कोयता आणि हातोडी आणून माझ्यासमोर ठेवली. मी भोपळा पायरीवर टेकवला, बोटानं वाजवून बघितला. भिंतीवरच्या तिघी पुढं वाकल्या होत्या, आणि साळूबाईंनी तर आपलाही एक घरून आणून भिंतीवर ठेवला होता.

"शेड ऱ्हाऊ दे," मी खाच शोधत म्हणालो. "राजदूतच्या बुडातच लाव. तितं चांगला येतो."